वायुगळतीची बातमी आणि आपली धास्ती : वाचकांचे प्रश्न

औद्योगिक वसाहतींच्या शेजारी राहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल भागातली सर्वांत जास्त. त्या पत्रांतला रोख एकच आहे: बातमी कानावर आली की किती घाबरायचं आणि काय करायचं? औद्योगिक सुरक्षेत काम करणारे आणि वृत्तपत्राच्या डेस्कवर बसणारे, अशा दोघांनी मिळून ही उत्तरं लिहिली आहेत.

आमच्या घरापासून चार-पाचशे मीटरवर बर्फाचा कारखाना आहे. महिन्याभरापूर्वी संध्याकाळी उग्र वास सुटला, डोळे चुरचुरायला लागले. दहा मिनिटांत मोबाइलवर 'विषारी वायूची गळती, गाव खाली करा' असा मेसेज फिरला आणि एका वाहिनीवर 'हाहाकार' अशी पट्टी सुरू झाली. पोरांना घेऊन आम्ही हायवेकडं पळालो. तासाभरानं सगळं निवळलं. आम्ही पळालो ते बरोबर की चूक? — एक गृहिणी, नागाव

ताई, बर्फाचा कारखाना आणि चुरचुरणारे डोळे म्हटल्यावर तो अमोनियाच. बर्फखान्यात आणि शीतगृहात थंडाव्यासाठी तोच फिरवतात. या वायूचा एक गुण तुमच्या बाजूचा आहे. तो नाकाला फार लवकर कळतो. हवेच्या दहा लाख भागांत पाचेक भाग असला तरी वास येतो. कामगारानं दिवसभर वावरायची मर्यादा २५ भागांची धरतात आणि ३०० भागांपासून जिवाला धोका मानतात. वास येणं आणि जिवावर बेतणं यांत एवढं अंतर आहे. त्या संध्याकाळी तुमच्या हाताशी थोडा वेळ होता, आणि तो हायवे गाठण्यात गेला.

बर्फखान्यातली गळती बहुतेक वेळा लहानशा जागी होते. कॉम्प्रेसरचं तेल वायूबरोबर वाहत जाऊन टाकीच्या तळाशी साठतं. ते काढताना व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहिला की तेलामागून द्रव अमोनिया उसळतो. कधी व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं (ग्लँडचं) पॅकिंग वाळून चिरलेलं असतं, कधी फ्लँजमधलं, म्हणजे पाइपच्या जोडावरच्या चकत्यांमधलं, गॅस्केट खचलेलं असतं, कधी अमोनिया भरताना रबरी नळी (होज) सटकते. ऑपरेटरनं मास्क चढवून मागचा व्हॉल्व्ह बंद केला की अशी गळती आटोक्यात येते. तासाभरात हवा निवळली यावरून तुमच्याकडंही यातलंच काहीतरी झालं असावं. द्रव साठवायची टाकीच फुटली तर प्रसंग फार गंभीर होतो. तेव्हा जमिनीलगत पांढरं, थंडगार धुकं सरकताना दिसतं. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी असली, तरी गार असेपर्यंत ते धुकं खालीच राहतं. त्या धुक्यात पाय ठेवायचा नाही, मग तुमची गाडी, जनावर, काहीही पलीकडं असो.

वास आल्यावर पहिलं काम वारा पाहायचं. तालमीवरचा भगवा, दोरीवर वाळत घातलेली साडी, चुलीचा धूर, जे दिसेल ते. वारा कारखान्याकडून आपल्याकडं येत नसेल तर जागच्या जागी थांबावं. येत असेल आणि धुकं दिसत नसेल, तर घरात शिरून दारं-खिडक्या लावून घ्याव्यात. कूलर, एसी, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करावा. दाराखालच्या फटीला ओलं फडकं लावावं आणि तोंडा-नाकावर ओला रुमाल धरावा. अमोनिया पाण्यात फार चटकन विरघळतो, त्यामुळं सुती ओल्या फडक्याचा खरोखर उपयोग होतो. डोळे जळत असतील तर पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं धुवावेत, चोळू नयेत. बाहेर पडायचीच वेळ आली तर वाऱ्याला आडवं जावं. वाऱ्याबरोबर पळणारा माणूस वायूसोबतच पळत असतो, आणि पळताना श्वास मोठे होतात म्हणून छातीत जास्त वायू जातो. भोपाळमध्ये १९८४ च्या त्या रात्री घराबाहेर पडून वाऱ्याच्या दिशेनं धावलेल्यांचं असंच झालं.

एवढं सगळं अमोनियाचं झालं. पाणी शुद्धीकरण केंद्रावर क्लोरीन असतो आणि तो हवेपेक्षा अडीचपट जड असतो. त्याला चुकवायला वरच्या मजल्यावर जावं. तळघरात किंवा ओढ्यात उतरू नये. स्वयंपाकाचा गॅस असेल तर कुठल्याच बटणाला हात लावू नये, एक्झॉस्ट बंद करायलाही नाही. म्हणून 'विषारी वायू' एवढ्याच शब्दावर कुणाला काही ठरवता येत नाही. तुमच्या टीव्हीवरच्या पट्टीत वायूचं नाव नव्हतं, वाऱ्याची दिशा नव्हती, आत थांबायचं की बाहेर पडायचं तेही नव्हतं. तिच्यात होता फक्त 'हाहाकार'. तुम्ही पळालात याचा दोष आम्ही तुम्हाला देणार नाही. ज्या बातमीत करायचं काय हे नसतं, ती वाचून माणूस पळतोच. पण त्या पळापळीत हायवेवर लेकरांच्या अंगावर ट्रक येण्याचा धोका त्या वासापेक्षा मोठा होता, आणि अग्निशमनच्या गाडीची वाटही अडली असती.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत अमोनियाची मर्यादा पन्नास-साठ टनांच्या घरात आहे. तेवढा साठा असेल तर शेजाऱ्यांना माहिती देणं कारखान्यावर बंधनकारक होतं. बर्फखान्यात काही शे किलोंपासून काही टनांपर्यंतच अमोनिया असतो, म्हणून वस्तीला खेटून असूनही बर्फखाना त्या बंधनात येत नाही. अशा ठिकाणी ग्रामपंचायतीनं स्वतः जाऊन विचारलं पाहिजे.

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की चिमणीतून निघणाऱ्या पांढऱ्या लोटांचे फोटो 'प्रदूषणाचा विळखा' म्हणून छापून येतात. तो धूर असतो का? — एक वाचक, कागल

चिमणीच्या तोंडाकडं नीट पाहा. लोट तोंडापासून थोडं अंतर सोडून सुरू होत असेल आणि पुढं आकाशात विरून नाहीसा होत असेल, तर त्यात मुख्यतः पाण्याची वाफ आहे. गार सकाळी ती जास्त दिसते, दुपारी तीच चिमणी रिकामी वाटते. धूर तोंडापासूनच दिसतो, लांबवर पट्टा ओढत जातो आणि त्याला करडी किंवा काळी छटा असते. कूलिंग टॉवरवरचे ढग तर निव्वळ पाण्याचे. तुमच्या भागात खरा त्रास बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, राखेचा आहे. ती काळी काजळी गच्चीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, पण फोटोत दिसत नाही. तक्रार करायची तर पांढऱ्या ताटात चोवीस तासांत किती काजळी पडली ते दाखवा. तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. वाफेच्या फोटोवरून केलेली तक्रार पहिल्याच भेटीत निकाली निघते आणि काजळीचा मुद्दा तिच्याबरोबरच मागं पडतो.

भोपाळचा कचरा पीथमपूरला नेला तेव्हा तिथं दंगल झाल्यासारखं चित्र टीव्हीवर होतं. तो कचरा इतका घातक होता, की माध्यमांनी लोकांना भडकवलं? — एक निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

सर, दोन्हींपैकी एकही उत्तर पुरं पडत नाही.

आधी घडलं ते पाहू. १९८४ ची वायुगळती झालेल्या भोपाळच्या बंद कारखान्यात पडून असलेला ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरांमधून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या, मध्य प्रदेशातल्याच पीथमपूरला जाळण्यासाठी निघाला. ३ जानेवारीला तिथं बंद आणि निदर्शनं झाली आणि दोघांनी अंगावर ज्वालाग्राही पदार्थ ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. ६ जानेवारीला मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी राज्य सरकारला सहा आठवडे दिले आणि या विषयावर खोट्या बातम्या देऊ नयेत असं माध्यमांना बजावलं. फेब्रुवारीच्या शेवटी कचरा जाळण्याची चाचणी सुरू झाली. दहा-दहा टनांच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिलीत ताशी १३५ किलो, दुसरीत १८०, तिसरीत २७०. उरलेला ३०७ टन कचरा ताशी २७० किलोच्या वेगानं जाळून जूनअखेर संपवला.

हे तीन आकडे जानेवारीतल्या बातम्यांमध्ये ठळकपणे असते तर चित्र पालटलं असतं का? काही प्रमाणात हो. 'ताशी १३५ किलोनं सुरुवात करू, चिमणीतून काय बाहेर पडतं ते मोजू, मगच वेग वाढवू' हे वाक्य सामान्य माणसाला समजतं. त्याऐवजी लोकांपुढं आला रात्रीच्या अंधारात पोलिस बंदोबस्तात धावणारा कंटेनरांचा ताफा, आणि तोच काही सेकंदांचा व्हिडिओ दिवसभर फिरत राहिला. ज्याची आठवण पटकन येते तेच पुन्हा घडेल असं मनाला वाटतं, हे ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं. शिवाय 'भोपाळ' या नावाबरोबर जी आठवण जागी होते ती कुठल्याही आकड्यानं पुसण्यासारखी नाही. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलन मझूर यांचं म्हणणं याच्याही पुढचं आहे. बातमी समतोल असली तरी तिचा नुसता मारा वाढला की लोकांचा विरोध वाढतो. 'तज्ज्ञ म्हणतात सुरक्षित, रहिवासी म्हणतात धोकादायक' अशी जोडी रोज पहिल्या पानावर आली, तर वाचकाच्या मनात 'धोकादायक' तेवढं उरतं.

तरीही पीथमपूरच्या लोकांची भीती निराधार म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं आहे. कचरा जाळल्यावर उरलेली राख कुठं आणि कशावर पुरणार, खालच्या पाण्याचं काय, हे प्रश्न रास्त होते आणि उत्तरं गाडी निघण्याआधी मिळायला हवी होती. विश्वासाचा हिशोबही जुना आहे. १६ डिसेंबर १९८४ ला भोपाळच्या त्याच कारखान्यात उरलेला वायू कीटकनाशकात रूपांतरित करून संपवायचं काम सुरू झालं. सरकारनं 'काही धोका नाही' असं पुन्हा पुन्हा सांगितलं आणि नेमकं तेव्हाच लाखो लोक शहर सोडून गेले. त्यांनी काय चूक केली? दोन आठवड्यांपूर्वीच्या रात्री त्यांना कुणीच सावध केलं नव्हतं.

सावध करणारा एक आवाज होता, तो पत्रकाराचाच. राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये भोपाळच्या 'रपट' या आपल्या साप्ताहिकात या कारखान्याच्या धोक्याबद्दल लेखामागून लेख लिहिले. शहरानं आणि सरकारनं ते मनावर घेतले नाहीत. 'माध्यमं भीती पसरवतात' असं कुणी सरसकट म्हणालं की आम्हाला ते लेख आठवतात. अपघातानंतरचे आठ दिवस भडक आणि अपघाताआधीची आठ वर्षं कोरी, ही खरी तक्रार आहे. भीती अवास्तव वाढते ती या दोन्हींच्या मेळातून.

आमचं युनिट लहान आहे. काही झालं की वार्ताहर गेटवर येतात आणि वाटेल ते लिहितात. म्हणून आम्ही गेट बंद ठेवतो आणि कुणी काही बोलायचं नाही असा नियम केला आहे. चूक आहे का? — एक उद्योजक, गोकुळ शिरगाव

हो, चूक आहे, आणि महागात पडणारी आहे. गेट बंद झालं की वार्ताहर समोरच्या चहावाल्याला विचारतो, आणि त्यानं सांगितलेलं छापून येतं.

अमेरिकेत थ्री माइल आयलंड इथल्या अणुभट्टीत २८ मार्च १९७९ ला बिघाड झाला. पहिले दोन दिवस कंपनी एक सांगत होती आणि सरकारी यंत्रणा दुसरंच. ३० मार्चला राज्यपालांनी पाच मैलांच्या आतल्या गर्भवती स्त्रियांनी आणि शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांनी बाहेर पडावं असं सुचवलं. अशा व्यक्ती साडेतीन हजारांच्या आसपास होत्या. प्रत्यक्षात पंधरा मैलांच्या परिसरातून सुमारे १,४४,००० लोक निघून गेले. सल्ला कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही, हे लोकांनी विश्वास ठेवावा अशा एका तोंडून आलं नाही की असं होतं.

तुमच्यापुरतं करायचं ते असं. बोलणारा माणूस आधीच ठरवून ठेवा, त्याच्या गैरहजेरीत कोण बोलणार तेही ठरवा. अपघातानंतर पहिल्या अर्ध्या तासात त्यानं गेटबाहेर येऊन बोलावं, कारण पुढच्या सगळ्या बातम्या याच अर्ध्या तासावर उभ्या राहतात. काय बोलायचं? पदार्थाचं नाव, अंदाजे किती होता, गळती थांबली की चालू आहे, वारा कुठं आहे, कुणी जखमी आहे का, शेजाऱ्यांनी आता काय करावं आणि पुढची माहिती किती वाजता देणार. 'पाइपलाइनच्या फ्लँजमधून अमोनिया गळला. साडेसहाला व्हॉल्व्ह बंद केला. वारा तामगावच्या दिशेनं आहे, तिथल्या लोकांनी अर्धा तास खिडक्या बंद ठेवाव्यात. सव्वासातला पुन्हा माहिती देतो.' एवढं बोललात तर छापणारा दुसरं शोधायला जात नाही. माहिती हाती नसेल तर किती वाजता असेल ते सांगा आणि ती वेळ पाळा. 'परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे, घाबरण्याचं कारण नाही' हे वाक्य मात्र तोंडात येऊ देऊ नका. ते ऐकल्यावरच लोक घाबरतात.

मी तालुका वार्ताहर आहे. गळतीची खबर आली की पान लागायला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं असतात. एवढ्या वेळात काय विचारावं? — इचलकरंजी

पहिला प्रश्न पदार्थाच्या नावाचा. कुणी सांगत नसेल तर टँकरच्या पाठीवरची पाटी पाहा. तिच्यावरचा चार आकडी क्रमांक म्हणजे पदार्थाची जगभर मान्य असलेली ओळख. १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १०७५ स्वयंपाकाचा गॅस, ११७० इथेनॉल, १२०३ पेट्रोल. त्याच पाटीवर अग्निशमन दलासाठी दोन-तीन अक्षरांचा संकेत असतो. त्याच्या शेवटी 'ई' असेल तर आसपासचे लोक हलवण्याचा विचार करावा असा त्याचा अर्थ. पाटीचा फोटो लांबून झूम करून घ्या, जवळ जाऊ नका, आणि वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला उभे राहा.

मग प्रमाण. टाकीची क्षमता, त्या वेळी असलेला साठा आणि बाहेर पडलेला भाग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत पहिली तिसरीच्या जागी छापली जाते. 'वीस टन वायूची गळती' असा मथळा येतो तेव्हा बहुतेकदा वीस टनांची टाकी असते आणि गळलेला वायू काही किलो असतो. त्यानंतर विचारा: हवेत किती आहे हे कुणी मोजलं, कुठल्या उपकरणानं, कुठं उभं राहून आणि किती वाजता? गेटवरचं माप आणि वस्तीतलं माप यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. 'धोका नाही' असं अधिकारी म्हणाले तर माप विचारा. माप घेतलंच नसेल तर बातमीत तसं लिहा. ती वाचकाची सेवा आहे.

रुग्णालयातला आकडा फोडून लिहा: तपासून घरी पाठवलेले किती, दाखल किती, अतिदक्षता विभागात किती. 'शंभर जणांना बाधा' या एका ओळीत हे तिघं एकत्र येतात आणि गावात शंभर जण मरणाच्या दारात असल्याचा समज होतो.

शब्द जपा. कुठलाही स्फोट 'बॉयलरचा' ठरवायची आपल्याकडं सवय आहे. डोंबिवलीत २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा पहिल्या बातम्या बॉयलरच्याच होत्या. नंतर तो रिअ‍ॅक्टर असल्याचं पुढं आलं. फरक शब्दापुरता नाही. बॉयलर वाफेचा, त्याची बाष्पके संचालनालयाकडं नोंदणी असते आणि त्याला क्रमांक असतो, म्हणजे एका फोनवर खात्री होते. रिअ‍ॅक्टरमध्ये रसायनांची प्रक्रिया चालते. तिथं लोकांनी विचारायला हवं ते असं: आत कुठली रसायनं होती, हवेत आणि नाल्यात काय गेलं? 'बॉयलर' लिहिलं की हा प्रश्न कुणाला सुचतच नाही.

व्हिडिओची वेगळी खबरदारी. फिरत आलेल्या क्लिपमधल्या गाड्यांच्या नंबरप्लेट, दुकानांच्या पाट्यांची भाषा, रस्ता ओला की कोरडा, सावली कुठल्या बाजूला, हे आधी पाहा. एखाद्या चित्रावर क्लिप थांबवून त्या चित्रावरून इंटरनेटवर उलटा शोध घ्या. जुनी क्लिप असेल तर बहुतेकदा लगेच सापडते. विशाखापट्टणमला ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरिन या रसायनाची वाफ गळून १२ जण दगावले. त्याच रात्री 'पुन्हा गळती'ची खबर पसरली आणि दमलेली माणसं परत रस्त्यावर आली. पोलिसांनी ती खबर खोडून काढेपर्यंत कित्येक जण घर सोडून गेले होते.

आणि बातमी दुसऱ्या दिवशी संपवू नका. मोठ्या अपघाताची माहिती कारखान्यानं ४८ तासांत प्राधिकरणाला द्यायची असते. तिसऱ्या दिवशी ती मागा. कारण काय निघालं हे छापलं गेलं नाही तर वाचकाच्या मनात अपघात तसाच उघडा राहतो.

तुमच्या संपादकांनाही एक आठवण करून द्या. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांनुसार औद्योगिक पट्ट्यासाठी जो स्थानिक संकट गट नेमतात, त्यात स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाला जागा आहे. गटाची बैठक दरमहा घ्यायची असते. त्या खुर्चीत कुणी बसतं का, शेवटची बैठक कधी झाली, हीच एक बातमी आहे.

आमच्या गावाला लागून मोठे कारखाने आहेत. आत काय साठवतात हे आम्हाला कसं कळणार? विचारलं तर वॉचमनच परत पाठवतो. — एक सरपंच, पंचतारांकित वसाहतीजवळचं गाव

सरपंच, वॉचमनला विचारू नका, कायद्यानं विचारा. क्लोरीन १० टन, अमोनिया पन्नास-साठ टन, ज्वालाग्राही वायू १५ टन किंवा जास्त असेल तर १९८९ च्या नियमांखाली कारखान्यानं आसपासच्या लोकांना धोक्याचं स्वरूप आणि काय करावं, काय करू नये, हे आपण होऊन कळवायचं असतं. ग्रामसभेत ठराव करा आणि त्याची प्रत कारखान्याला, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. जिल्हा संकट गटाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. स्थानिक गटात सरपंचालाही घेता येतं, तेव्हा पत्रात आपलं नाव सुचवून टाका.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत तीस दिवस. प्रश्न मोघम नको. 'सुरक्षेची माहिती द्या' असं लिहिलं की गोल उत्तर येतं. असं विचारा: कारखान्याबाहेरच्या आणीबाणीच्या आराखड्यात आमच्या गावाचं नाव आहे का, भोंगा किती वेळ आणि कशा प्रकारे वाजला म्हणजे आत थांबायचं, लोकांना हलवायचं झालं तर कुठं, शेवटचा सराव कुठल्या तारखेला झाला आणि त्यात गावातलं कोण होतं? कारखान्याच्या आतला सराव दर सहा महिन्यांनी आणि बाहेरचा वर्षातून एकदा व्हायचा असतो.

कारखान्याकडून रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक मिळालं तर सोळा भाग पाहून घाबरू नका. दुसरा भाग धोक्याचा, चौथा प्रथमोपचाराचा, सहावा गळती झाल्यास काय करायचं त्याचा. नवव्यात तो वायू हवेपेक्षा जड की हलका ते असतं. एवढे चार भाग गावच्या डॉक्टरांना, शाळेला आणि तरुण मंडळाला मराठीत करून द्या. ११२, १०१, १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे क्रमांक त्याच कागदावर छापा.

गळतीच्या बातम्या झाल्यापासून सासूबाई रात्री झोपत नाहीत. दिवसभर तेच पाहतात. — कसबा बावडा

तीच क्लिप पन्नास वेळा दाखवली की मनाला पन्नास अपघात झाल्यासारखं वाटतं. टीव्ही बंद करा म्हटलं तर त्या ऐकणार नाहीत. सकाळी एकदा वर्तमानपत्र, संध्याकाळी एकच बुलेटिन, एवढं ठरवा. आणि त्यांच्या हाताला काम द्या: खिडकीच्या फटीसाठी फडकी, दोन बादल्या पाणी, औषधांची पिशवी, टॉर्च, हे सगळं एका कोपऱ्यात त्यांनीच मांडून ठेवावं. करण्यासारखं काही हाती आलं की भीतीचं ओझं कमी होतं.

मी फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला आहे, बारा वर्षं झाली. आमच्या कामाची बातमी कधीच येत नाही. म्हणजे आमच्याकडं धोका नाही असं समजायचं का? — शिरोली औद्योगिक वसाहत

नाही, दादा. तुमच्याकडचा धोका या सदरातल्या बहुतेक धोक्यांपेक्षा पक्का आहे. अपरिचित, अचानक येणारा आणि एका झटक्यात अनेकांना गाठणारा धोका माणसाला जास्त भिववतो, असं मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये मांडलं. बातमीही त्याच धोक्याची होते. रेतीच्या धुळीत यातलं काही नाही. ती ओळखीची, रोजची आणि एकेकाला दहा-पंधरा वर्षांनी गाठणारी. तिला फोटो नाही, तारीख नाही, म्हणून मथळाही नाही.

दिसणारी धूळ नाकात अडकते. घातक असते ती उजेडाच्या तिरपेतच चमकणारी बारीक धूळ, कारण ती फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथं कायमचे व्रण करते. साचा फोडताना (नॉकआउटला), ग्राइंडरनं कास्टिंगवरची जळालेली रेती काढताना आणि शॉट ब्लास्टिंगचं दार वेळेआधी उघडताना ती सर्वांत जास्त उडते. तोंडाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, धुळीसाठीचा प्रमाणित मास्क हवा आणि दाढी वाढलेली असेल तर तोही बाजूनं गळतो. मास्कच्या आधी ग्राइंडरजवळच धूळ ओढून घेणारा हूड हवा. झाडू मारण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडावं. शिफ्ट संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकण्याची सवय तर आजच सोडा, ती सगळी धूळ तोंडावरच उडते.

छातीचा एक्स-रे वर्षातून एकदा काढा आणि जुनी फिल्म जपून ठेवा, तुलनेला लागते. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, आणि क्षय फोटोत एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि सिलिका, म्हणजे रेतीची धूळ, छातीत असलेल्या माणसाला क्षय होण्याची शक्यताही जास्त असते. म्हणून फोटो दाखवताना फाउंड्रीत कुठल्या खात्यात आणि किती वर्षं आहात, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.